सूर आणि आत्मा

मागील नाताळात भाचा कॅनडाहून सुट्टीवर आला, तेव्हा त्याच्या बॅगेत चॉकलेटांच्या जोडीने एक ब्लू-रे चकती होती. "मामा, सिनेमा भुतांचा आहे, पण त्यातली नायिका तुमच्यासारखी चर्चमध्ये ऑर्गन वाजवते," तो म्हणाला. गेली सव्वीस वर्षे मी आमच्या धर्मग्रामाच्या गायनवृंदात ऑर्गन वाजवीत आहे. भुताखेतांच्या चित्रपटांचा मला लहानपणापासून तिटकारा. तरीही भाच्याच्या त्या एका वाक्याने कुतूहल जागे झाले. मी पाहायला बसलो, आणि उठलो तो अस्वस्थ होऊनच.

चित्रपटाचे नाव 'कार्निव्हल ऑफ सोल्स'. तो १९६२ साली अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्या काळी तिकडे उघड्या मैदानात मोटारी उभ्या करून, मोटारीत बसूनच चित्रपट पाहण्याची सोय असे. अशा ठिकाणांसाठी अल्प खर्चात, घाईघाईने, भय आणि सनसनाटी यांच्या बळावर गल्ला भरणारे चित्रपट निघत. हाही त्याच बाजारात विकला गेला. त्याचे दिग्दर्शक हर्क हार्वे हे कॅन्सस राज्यातील लॉरेन्स या गावी सेंट्रॉन नावाच्या कंपनीत शाळांसाठी व उद्योगांसाठी माहितीपट बनवीत. मोटारीने प्रवास करताना सॉल्ट लेक सिटीजवळ खाऱ्या सरोवराच्या काठी त्यांना 'सॉल्टएअर' हा ओसाड पडलेला करमणूक-महाल दिसला आणि कल्पना सुचली. सहकारी जॉन क्लिफर्ड यांनी पटकथा लिहिली, गावातील मंडळींनी पैसा घातला आणि सुमारे ३३ हजार डॉलरमध्ये, काही आठवड्यांत काम उरकले. मुख्य भुताची भूमिकाही हार्वे यांनीच केली.

पुढची कथा उपेक्षेची आहे. वितरक कंपनी बुडाली. प्रतींवर स्वामित्वहक्काची नोंद करायची राहून गेली होती. त्यामुळे तत्कालीन अमेरिकन कायद्यानुसार चित्रपट कोणाच्याच मालकीचा राहिला नाही. ज्याला हवे त्याने धूसर, खरखरत्या प्रती काढून विकाव्यात, अशी अवस्था झाली. १९८९ साली तो पुन्हा चित्रपटगृहांत आला आणि रसिकांनी त्याची कदर केली. हार्वे १९९६ साली निवर्तले. एवढे पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले. त्यांनी दुसरा कथापट मात्र कधी केला नाही. पुढे २०१६ साली क्रायटेरियन या संस्थेने त्याची नव्याने दुरुस्त केलेली आवृत्ती ब्लू-रेवर आणली. भाच्याने आणलेली चकती हीच.

चित्रफितीवर सेकंदाला २४ चित्रे असतात. म्हणजे ७८ मिनिटांच्या या चित्रपटात एक लाख बारा हजारांहून अधिक चित्रे! जुन्या फितीवर ओरखडे असतात, धूळ बसलेली असते. ॲसिटेटची फीत कुजू लागली की तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. अशाच दुर्लक्षित चित्रपटांना जीवदान देणाऱ्या, २०१२ साली स्थापन झालेल्या एका अमेरिकन कंपनीने या कुजण्याचेच नाव धारण केले आहे: व्हिनेगर सिंड्रोम. दुरुस्तीच्या कामात खरे कसब संयमाचे असते. मळ गेला पाहिजे. परंतु फितीचा मूळचा बारीक कण पुसला जाता कामा नये. हात अधिक फिरला, तर माणसांचे चेहरे मेणाच्या बाहुल्यांसारखे गुळगुळीत होतात. हे ऐकताना मला प्रायश्चित्त संस्काराची आठवण झाली. परमेश्वर आपला मळ धुतो, आपला चेहरा पुसून टाकत नाही.

आता त्या ऑर्गनवादिकेविषयी. तिचे नाव मेरी. मोटार पुलावरून नदीत कोसळते. काही तासांनी मेरी एकटीच चिखलाने माखून पाण्याबाहेर येते. पुढे ती परगावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवण्याची नोकरी धरते. ती नोकरी तिच्या लेखी केवळ नोकरीच असते. वाजवण्यात थोडा जीव ओत, असे ऑर्गन बनवणारा गृहस्थ तिला निघतानाच सांगतो. पण तिला ते उमगत नाही. मधूनच तिच्याभोवतीचे जग एकाएकी निःशब्द होते. ती बोलते, पण कोणाला ऐकू जात नाही. एके दिवशी चर्चमध्ये सराव करता करता तिची बोटे भलतेच भेसूर सूर काढू लागतात. धर्मगुरू येऊन तिचे हात थांबवतात, तिच्यात आत्माच नाही याची खंत व्यक्त करतात आणि तिला राजीनामा द्यायला सांगतात. शेवटी नदीतून मोटार वर काढली जाते, तेव्हा तिच्यात मेरीचाही मृतदेह असतो.

भाचा शेवटावर खूश होता. मी मात्र गप्प झालो. गेल्या पावसाळ्यात बाजारात एक विधवा भगिनी भेटल्या होत्या. "माझ्या मालकांच्या अंत्यविधीला तुम्ही किती सुंदर वाजवलंत!" असे म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. मी हात जोडले. पण तो अंत्यविधी मला आठवेना. त्या आठवड्यात तीन झाले होते. गीते तीच, मिस्सा तीच, आणि मनात त्या दिवशी घरी येणाऱ्या सुताराचा हिशेब. माझ्या बोटांनी त्या माउलीचे सांत्वन केले खरे, पण मी स्वतः तेथे होतो कोठे?

ख्रिस्ती घरात असले चित्रपट कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्या बाजारातील कितीतरी चित्रपटांनी स्त्रीदेहाचा आणि रक्तपाताचा व्यापार मांडला. फीत धुतल्याने ती लाज धुतली जात नाही; उलट ती अधिक स्पष्ट दिसते. मुलांपुढे मी हा चित्रपटही लावणार नाही. पण एक हरवलेले नाणे शोधण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी स्त्री प्रभूने आपल्या दाखल्यात आणली, तेव्हा नाण्याच्या किमतीपेक्षा त्याला तिची चिकाटी दाखवायची असावी. लोकांनी टाकून दिलेली वस्तू कोणीतरी चित्रामागून चित्र स्वच्छ करीत राहिले, म्हणून साठ वर्षांपूर्वीचा तो प्रश्न धुरकट न होता माझ्यापर्यंत पोहोचला.

नाताळानंतर मी त्या भगिनींच्या घरी गेलो. त्यांच्या पतीचे नाव विचारले, आवडते गीत विचारले. माझा विसर त्यांच्यापाशी कबूल करताना जीभ जड झाली. त्या क्षणभर थांबल्या, मग चहा ठेवायला उठल्या. पुढे वर्षस्मृतीच्या मिस्सेला मी तेच गीत वाजवले. दुसऱ्या कडव्यात माझे बोट चुकले, आणि गायनवृंदातील पोरे एकमेकांकडे पाहून हसली. पण आपण कोणासाठी वाजवीत आहोत, हे त्या दिवशी मला ठाऊक होते.