अर्जासोबतचा निबंध

गतवर्षीं महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जासोबत एक इंग्रजी निबंध जोडण्याचा प्रसंग मजवर आला. गुणपत्रिका, दाखले वगैरे सर्व झटपट जमलें. परंतु आपण कोण व येथें कां येऊं इच्छितां, ह्या साध्या प्रश्नापुढें लेखणी अडली ती तीन आठवडे.

आमचें गांव लोणी भापकर, तालुका बारामती. वडिलांनीं कांद्याच्या पट्टींतून पैसे काढून पुण्यांतील एका शिकवणी-वर्गांत माझें नांव घातलें. तेथील गृहस्थांनीं दहा मिनिटें विचारपूस केली व चार दिवसांनीं तयार निबंध हातीं दिला. भाषा अत्यंत सफाईदार! त्यांत दुष्काळी गांवचा एक मुलगा डोक्यावर घागर घेऊन कोसभर अनवाणी चालत होता. आमचें गांव जिराईत खरें. तालुक्याच्या दक्षिण अंगास नीरा डाव्या कालव्यावर ऊंस डोलतो, आम्हीं पावसाची वाट पाहावी. तथापि घागर मीं कधींच वाहिली नाहीं. ती वाहिली आईनें व ताईनें. त्यांचे कष्ट माझ्या नांवावर चढलेले पाहून मला लाज वाटली. वडिलांस मात्र निबंध फार आवडला. (त्यांस इंग्रजी येत नाहीं, अर्थ मींच सांगितला, आणि घागरीचा भाग गाळला.)

शाळेंतील आमच्या बाईंनीं तो वाचून एवढेंच विचारलें, "बाळ, ही घागर कोणाची रे?" मीं खरें तें सांगितलें. त्यांनीं दुसरा निबंध लिहून दिला नाहीं. आनंदीबाई जोशी ह्यांची हकीकत पुढें ठेविली. १८७८ सालीं आनंदीबाईंच्या शिक्षणासाठीं पहिलें पत्र लिहिलें तें पति गोपाळरावांनीं, मिशनरी वाइल्डर ह्यांस. तें अमेरिकेंतील मासिकांत छापलें गेलें व त्यावरूनच कार्पेंटरबाईंचा स्नेह जडला. परंतु २८ जून १८८३ रोजीं फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयास प्रवेशासाठीं लिहिलें तें त्या अठरा वर्षांच्या मुलीनें स्वतःच्या नांवानें. सर्व अटी आपणांकडून पुऱ्या होणार नाहींत, हें तिनें लपविलें नाहीं. कारण सांगितलें तेंही सरळ : पुरुष वैद्याच्या हातून औषध घेण्यापेक्षां मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींची सेवा करावयाची आहे. १८८६ सालीं ती डॉक्टर झाली.

मग बाईंनीं विचारलें, "गांवांत तूं अधिक वेळ कोठें घालवितोस?" मल्लिकार्जुनाच्या देवळाजवळील पुष्करणीवर. आमच्या गांवीं यज्ञवराहाची जुनी दगडी मूर्ति आहे. तिच्या अंगावर विष्णूच्या चिमुकल्या मूर्ति ओळीनें कोरलेल्या आहेत. पाहुणे तिजविषयीं विचारीत, आणि मी मनांत येईल तें खुशाल ठोकून देत असें! खरें काय तें कळावें, म्हणून मला इतिहास शिकावयाचा आहे. हें मीं प्रथमच कागदावर लिहिलें.

माझे चार मसुदे परत आले. शब्द एकही बदललेला नसे, समासांत तांबड्या पेन्सिलीनें केवळ प्रश्न असत : "हें तूं पाहिलेंस का?" "कोणीं सांगितलें?" असल्या मदतीपेक्षां तयार निबंध बरा, असें एकदां मनांत येऊन गेलें, हेंही कबूल करतों.

पांचव्या मसुद्यांत एक वाक्य नवें आलें : आई व ताई पाणी आणीत, तेव्हां मी पुष्करणीच्या पायरीवर बसून असें. त्या वाक्याशेजारीं बाईंनीं कसलीच खूण केली नाहीं. सुटींत घरीं जाऊन तें मीं ताईस मराठींत वाचून दाखविलें. ती म्हणाली, "बसला होतास हें मला ठाऊकच होतं." त्याच रात्रीं मीं अर्ज पाठविला.