नखभर चमकी

चकाकणाऱ्या वस्तूंशी आपल्या भाषेचे फारसे सख्य नाही. जे वरवरचे, खोटे, ते ‘बेगडी’. आता बिचाऱ्या बेगडाने कुणाचे काय घोडे मारले आहे? गणपतीच्या मखरावर, ताबुतावर, नवऱ्या मुलाच्या बाशिंगावर तोच तर झळाळत आला. आणि आपण सोने असल्याचा दावा त्याने कधीच केला नाही. नखांचीही तीच गत. गळ्याला नख लावणे म्हणजे जीव घेणे. तिन्हीसांजेला नखे कापणे अशुभ. आणि एखाद्याला हिणवायचे तर त्याला दुसऱ्याच्या नखाचीही सर नाही म्हणायचे! ‘नखरा’ हा शब्द फारसीतून आला, त्याचा आपल्या नखाशी काडीचा संबंध नाही. पण माझ्या लहानपणी कुणा मुलीचे रंगवलेले नख दिसले की वडीलधाऱ्यांच्या तोंडून नेमका तोच शब्द निघे.

तेव्हा नख आणि चमकी एकत्र येणे म्हणजे दोन बदनाम माणसांनी भागीत दुकान काढण्यासारखेच. गेल्या दिवाळीत आमच्या घरी असे दुकान खरोखरच निघाले. मालकीण माझी नात; वय वर्षे नऊ.

वसुबारसेची दुपार होती. मी चकलीच्या घाण्यात गुंतलेली. बाईसाहेबांनी गॅलरीत जुने वर्तमानपत्र पसरले, त्यावर सातआठ बाटल्या, कापूस, दात कोरायच्या काड्या आणि माझ्या नव्या स्पंजाचा कापून घेतलेला कोपरा मांडला, आणि भिंतीला पाटी चिकटवली : ‘एक हात दहा रुपये, दोन हात पंधरा.’ खाली बारीक अक्षरात ‘उधारी बंद’. हे कुठून शिकली कोण जाणे.

पहिले गिऱ्हाईक तिची आई. दुसरी, भांडी घासायला येणाऱ्या बाईंची मुलगी. तिला मालकिणीने फुकट लावून दिले, वर ‘जाहिरात म्हणून’ असे सांगितले. आमचे हे तर नुसती करंगळी पुढे करून बसले आणि पाच रुपये देऊन उठले. ती निळी करंगळी मिरवीत ते भाऊबिजेपर्यंत सगळीकडे गेले, बँकेतसुद्धा.

ही कला मी उगीचच सोपी समजत होते. नेहमीच्या रंगासारखी चमकी कुंचल्याने फासली, तर एका नखावर तीन कण येतात, दुसऱ्यावर चार, आणि बाकी नुसता चिकट लेप. मग माणूस हट्टाला पेटून थरावर थर चढवतो. नख डिंकाच्या लाडवासारखे होते आणि तासभर वाळत नाही. नातीची रीत निराळी. आधी बिनरंगी पातळ हात, मग रंगाचे दोन पातळ हात, प्रत्येक वाळेपर्यंत थांबून. चमकीचा थेंब स्पंजाच्या तुकड्यावर घ्यायचा. पातळ द्रव स्पंज पिऊन टाकतो, कण तेवढे वर राहतात. मग तो तुकडा नखाच्या टोकावर हलकेच टेकवायचा. “ओढायचं नाही हं आजी, टेकवायचं. रांगोळीचे ठिपके देतेस ना, तसं.” टोकाला दाट, मुळाकडे विरळ; आणि सर्वांवर पुन्हा एक बिनरंगी हात, म्हणजे कण केसांत, लोकरीत अडकत नाहीत. चिकटपट्टी आडवी लावून ती दुरंगी नख करते, काडीच्या टोकाने फुले काढते. एक फूल बिघडले तर त्याचे फुलपाखरू होते.

निरांजन मात्र मी लांब ठेवायला लावले. नेलपॉलिशचा पाया म्हणजे नायट्रोसेल्युलोज. कापसासारख्या तंतूंवर आम्लांची प्रक्रिया करून तयार होणारे द्रव्य. बंदुकीच्या धूर न करणाऱ्या दारूत आणि जुन्या चित्रपटांच्या फितींत हेच असे. त्याला पातळ करणारी, गोड वासाची द्रव्ये उडून गेली की नखावर पापुद्रा उरतो. त्यालाच आपण ‘वाळले’ म्हणतो. उडणारी ती वाफ ज्योतीपाशी गेली की पेट घ्यायला वेळ लावीत नाही. आणि चमकी म्हणजे बहुधा प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यावर चढवलेला ॲल्युमिनियमचा मुलामा, बारीक कातरलेला. फुलबाजीच्या पांढऱ्या ठिणग्याही ॲल्युमिनियमच्याच भुकटीच्या. दिवाळीशी नाते असे जवळचे आहे! फक्त फुलबाजी विझते आणि ही चमकी विझत नाही. गटारातून नदीत आणि नदीतून समुद्रात जाते. म्हणूनच युरोपीय संघाने २०२३ मध्ये प्लॅस्टिकच्या सुट्या चमकीच्या विक्रीवर बंदी आणली. तेव्हापासून आमच्या दुकानातही उडालेले कण ओल्या कापसाने टिपून कागदात गुंडाळायचे असा माझा नियम आहे, आणि तो मालकीण कुरकुरत पाळते.

नखे रंगवण्याचा शोध काही बाटलीवाल्यांनी लावला नाही. आपल्या बायका बोटांबरोबर नखांनाही मेंदी लावीतच होत्या. कातडीवरची मेंदी पंधरवड्यात उतरते, नखावरची उतरत नाही. ती नखाबरोबर महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर या गतीने पुढे सरकत राहते, आणि शेवटी कापली जाते. तिकडे कोरियात मुली तेरड्याच्या पाकळ्या तुरटीबरोबर कुटून रात्रभर नखांवर बांधून ठेवतात. तो रंग पहिल्या हिमवर्षावापर्यंत टिकला तर पहिले प्रेम सफळ होते म्हणतात. आणि आपण त्याच तेरड्याविषयी काय म्हणतो? तेरड्याचा रंग तीन दिवस! भांडी घासणाऱ्या घरात नेलपॉलिशचेही तेच. भारतात लॅक्मे १९५२ साली निघाली; ते नाव म्हणजे आपल्या लक्ष्मीचेच फ्रेंच रूप. म्हणजे लक्ष्मीपूजनाला नखे रंगवणारीला घाबरायचे कारण नव्हते. पण हे तेव्हा आमच्या आईला कोण सांगणार?

या शृंगारात मला सर्वांत आवडते ती एक अडचण. उजव्या हाताने डावा हात छान रंगतो. पण डाव्या हाताने उजवा रंगवायला गेले की रंग बोटभर पसरतो. तिथे दुसरे कुणीतरी लागते. त्या माणसाच्या हातात आपला हात दहा मिनिटे द्यावा लागतो, आणि त्या दहा मिनिटांत उठता येत नाही, चूल बघता येत नाही, दार उघडता येत नाही. बाईच्या हाताला असा सक्तीचा विसावा एरवी कोण देतो?

माझी थोरली बहीण, आक्का, धनतेरसेला मिरजेहून आली. ती चौऱ्याहत्तर वर्षांची. १९८६ साली आमचे मेहुणे गेले तेव्हा ती पस्तिशीची होती. त्या दिवसापासून तिच्या हातांत काचेची बांगडी मी पाहिली नाही. तिला कुणी छळले असे नाही; माणसे चांगली होती. चांगल्या माणसांनीच एक यादी केली आणि तिने ती पाळली. २०२२ साली मिरजेहून फार लांब नसलेल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांवरच्या या चाली बंद करण्याचा ठराव केला, आणि इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे म्हणून शासनाने परिपत्रक काढले. आक्काने ते कात्रण घडी करून पोथीत ठेवले होते. त्यापलीकडे काही नाही.

दुकान तिला पाहताच पुढे सरसावले. “आक्काआजी, हात दे.”

“मला नको गं बाळ. मला नाही चालत.”

“का? कोण म्हणालं?”

आक्का उत्तर द्यायला गेली आणि थांबली. तिने मनातल्या मनात ती यादी खरोखरच वाचली असावी. कुंकू, मंगळसूत्र, जोडवी, हिरव्या बांगड्या, डोक्यातले फूल... मग माझ्याकडे पाहून ती हळूच म्हणाली, “ह्याचं कुणी काही बोललंच नव्हतं गं. आमच्या घरात बाटलीच नव्हती.”

मी काही बोलले नाही. घाणा जळत होता, तरी उठले नाही.

“पण निघेल असं लाव,” आक्का म्हणाली. त्याचीही सोय दुकानात होती : फेव्हिकॉल पाण्यात थोडा सैल करून त्याचा आधी एक हात दिला की वरचा सगळा थाट नंतर सालासारखा सोलून निघतो. तसा डावा हात झाला. रंग तिने स्वतः निवडला. मला वाटले होते फिकट गुलाबी घेईल. तिने गडद जांभळा उचलला, टोकांना रुपेरी चमकी. झाल्यावर बोटे उन्हात धरली, जवळ नेली, लांब नेली, उलटीसुलटी करून पाहिली. कोपऱ्यावरच्या दुकानात कापड पाहतात तशी.

मग उजवा हात पुढे करीत म्हणाली, “ह्याला ते गोंदाचं नको. पक्कं लाव.”

दोन्ही हातांचे पंधरा रुपये तिने मोजून दिले. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी अभ्यंगस्नानाच्या कढत पाण्यात डावा हात सोलून निघाला. उजवा तसाच राहिला, आणि त्याच हाताने तिने पाडव्याला सर्वांना फराळ वाढला. आमच्या एका वन्सं ताटापेक्षा त्या हाताकडेच जास्त पाहत होत्या. आक्काने त्यांना करंजी जरा जास्तच आग्रहाने वाढली.

पक्की चमकी काढणे हे एक प्रकरणच असते. नुसता कापूस घासून ती हलत नाही. काढायच्या द्रवात कापूस भिजवून नखावर ठेवायचा, वरून पोळ्या गुंडाळायचा रुपेरी कागद लपेटायचा आणि पाचदहा मिनिटे थांबायचे. हे मी तिला निघताना नीट लिहून दिले होते.

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास तिचा फोन आला. मी विचारले, निघालं का गं सगळं?

“काढलं कुठं अजून? अंगठ्याचं थोडं उडालंय,” ती म्हणाली. “मी इथल्या दुकानातून बाटली आणलीय. डाव्या हाताचं माझं मीच लावीन म्हणते, उजव्याला सून आहे. तेवढं सांग, स्पंज भांड्यांचा चालतो, की वेगळा मिळतो?”