कमिशनचा कागद

दोंडाईचा

चि. छोटीस,


बावीस वर्षांचा लेफ्टनंट वीस-पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या सुभेदाराला हुकूम देतो, तो कोणत्या अधिकाराने, असं तू विचारलंस. हा जुन्या सरंजामी मानपानाचाच अवशेष वाटतो, असंही तू लिहिलंस. मला नेमकं उलट वाटतं. फौज एखाद्या माणसाच्या मागे न जाता राज्याच्या ताब्यात राहावी, म्हणून जी व्यवस्था घडत गेली तिचं नाव कमिशन: हुकूम देण्याचा, राज्याने कागदावर दिलेला अधिकार. ती नसली की काय होतं, हे आपल्या खानदेशाने पाहिलेलं आहे. पेशवाईच्या अखेरीस इकडच्या किल्ल्यांवर अरब शिबंदी असे. शिपाई ओळखायचा तो आपल्या जमादाराला. राज्य कोणाचं, याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसे. १८१८ मध्ये दुसरा बाजीराव पेशवा हरला, तरी मालेगावच्या अरबांनी मे-जूनपर्यंत किल्ला सोडला नाही. त्यांच्या शौर्याबद्दल वाद नाही. पण धन्याच्या हुकुमाने जी ठेवता येत नाही आणि हलवताही येत नाही, अशी फौज रयतेच्या मानेवरचं ओझंच असते.

आज आपल्याकडे सैन्यदलांचं सर्वोच्च आधिपत्य राज्यघटनेच्या कलम ५३ प्रमाणे राष्ट्रपतींकडे आहे, आणि तेही कायद्याच्या चौकटीत. १९५० च्या लष्कर कायद्याचं कलम १० सांगतं की कमिशन राष्ट्रपती देतात. याच कलमाखाली सुभेदारालाही ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर म्हणून कमिशन मिळतं. म्हणजे तू ज्याला नुसता ताबेदार समजतेस, तोही त्याच उगमातून अधिकार घेऊन उभा आहे. दोघांची पायरी तेवढी वेगळी. सॅल्यूट त्या कमिशनला आहे, पोराच्या वयाला नाही. आणि या अधिकाराला कुंपणही आहे. वरिष्ठाचा हुकूम मोडला तर शिक्षा सांगणारं याच लष्कर कायद्याचं कलम ४१ हुकूम ‘कायदेशीर’ असण्याची अट घालतं. त्याच्याच सर्वात कडक भागात, जिथे चौदा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, तो हुकूम पदाचं काम बजावताना दिलेला असावा लागतो. सरंजामदाराच्या शब्दाला असं कुंपण कधी नव्हतं. शिवाय राज्यघटनेच्या कलम ३१० नुसार अधिकारी पदावर राहतो तो राष्ट्रपतींच्या मर्जीपर्यंतच. वतनासारखं हे पद मुलाकडे जात नाही.

यावर तू म्हणशील, कागदाने माणसं थोडीच ऐकतात? हा आक्षेप मला सर्वात वजनदार वाटतो, कारण त्याचा पुरावाही इथलाच आहे. १८१८ नंतर कंपनी सरकारने सातपुडा आणि सातमाळ्यातल्या भिल्लांवर वर्षानुवर्षं पलटणी पाठवल्या, पण डोंगर शांत झाला नाही. १८२५ मध्ये जेम्स औट्रम या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटने धरणगावला खानदेश भिल्ल पलटण उभी करायला घेतली. त्याचं कमिशन भिल्लांच्या लेखी शून्य होतं. तो त्यांच्यात राहिला, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीला गेला, तेव्हा कुठे माणसं जमली. म्हणजे कागद हुकूम देण्याचा हक्क देतो, विश्वास देत नाही. तो ज्याचा त्याने मिळवायचा. हे मला मान्य आहे. पण औट्रम बदलून गेल्यावरही ती पलटण राहिली, ती १८९१ मध्ये पोलिसांत विलीन होईपर्यंत. विश्वास एका माणसावर होता, अधिकार मात्र पदाचा होता, म्हणूनच ते घडलं. अर्थात राज्यच परकं असेल तर त्याच्या कागदाला नैतिक बळ कुठून येणार? सेंधवा घाटाची राखण करणारा, कंपनीच्याच चाकरीतला खाज्या नाईक १८५७ मध्ये तिच्यावरच उलटला, आणि एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला भिल्ल इंग्रजांशी लढले.

दुसरा आक्षेप असा की हाच कागद माणसामाणसांत भेद करायला वापरला गेला. खरंच आहे, आणि त्याची चीड यायलाच हवी. इंग्रजी अमदानीतल्या सुभेदार-मेजरचं कमिशन व्हाइसरॉयचं, म्हणून कालचा गोरा पोरगाही त्याच्या वरचा. सँडहर्स्टहून राजाचं कमिशन घेऊन हिंदी अधिकारी येऊ लागले, तेव्हा गोऱ्यांना त्यांच्या हाताखाली राहावं लागू नये म्हणून १९२३ मध्ये आठ पलटणी वेगळ्या काढल्या. त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची पाचवी बटालियनही होती. १९२६ ला कमिशन मिळालेले आपले कोल्हापूरकडचे एस. पी. पी. थोरात याच काळातले. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत एका ब्रिगेडच्या तिन्ही बटालियन हिंदी अधिकाऱ्यांच्या हाती होत्या: थोरात, थिमय्या आणि सेन. तिघांनाही डीएसओ हा लष्करी सन्मान मिळाला. तेव्हा दोष कमिशनच्या कल्पनेत नव्हता, ते अर्धं देण्यात होता. कारवारकडचे रामा राघोबा राणे १९४० मध्ये शिपाई म्हणून भरती झाले. डिसेंबर १९४७ मध्ये बॉम्बे सॅपर्समध्ये त्यांना सेकंड लेफ्टनंटचं कमिशन मिळालं, आणि एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग काढल्याबद्दल पुढे परमवीरचक्र मिळालं. कमिशन पूर्ण दिलं की ते शिपायालाही पेलतं.

हाच न्याय बायकांनाही लावायला हवा होता, आणि त्याला फार उशीर झाला असं माझं स्पष्ट मत आहे. खेड्यांतून आलेले जवान स्त्रीचा हुकूम मानायला तयार नाहीत, असं सरकारतर्फे सर्वोच्च न्यायालयात सांगितलं गेलं. हे म्हणणं टिकलं असतं तर कमिशन पुन्हा जमादाराच्या काळात गेलं असतं: ज्याला लोक मानतील त्याचाच हुकूम. १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालात न्यायालयाने ते फेटाळलं, आणि स्त्रियांना सरसकट फक्त स्टाफच्या जागा देणंही अमान्य केलं. ३० मे २०२५ ला खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. त्या सतरा जणी होत्या.

तुझा,
मामा