विश्वामित्रीची कोतरे आणि वढवाण्याचे पाहुणे

वडोदरा म्हटले की आपल्याकडच्या मराठी माणसाला सयाजीराव महाराज आठवतात, लक्ष्मीविलास राजवाडा आठवतो, झालेच तर तिथला चिवडा. बेळगाव-धारवाडकडील कितीतरी घरांतल्या मुली लग्न होऊन बडोद्याला गेल्या आहेत आणि सुट्टीत भाचरांकडे जाऊन आलेली मंडळी न्यायमंदिर, म्युझियम, कमाटीबाग पाहून परततात. पण या शहराची आणखी एक ओळख आहे. इथे शहराच्या मधोमध नदी आहे, नदीत मगरी आहेत, आसपास तळी आहेत, गवताळ गायराने आहेत आणि जमीन वाचवण्याच्या शास्त्राची एक जुनी शाळाही जवळच आहे. बडोद्याला जाणाऱ्या कुटुंबाने दोन दिवस या दुसऱ्या बडोद्यासाठी राखून ठेवावेत, म्हणून हा लेख.

शहरातली नदी, नदीतल्या मगरी

विश्वामित्री नदी पावागडच्या डोंगरात उगम पावते, वडोदरा शहरातून वळणे घेत जाते आणि पुढे ढाढर नदीला मिळून खंभातच्या आखाताकडे निघते. १८७९ साली सयाजीरावांनी लोकांसाठी खुली केलेली कमाटीबाग, म्हणजे आजची सयाजीबाग, याच नदीच्या काठावर आहे. बागेजवळच्या पुलावर हिवाळ्यातल्या सकाळी उभे राहिले, की खाली चिखलाच्या उतारावर ऊन खात पडलेली मगर दिसण्याची बरीच शक्यता असते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते लाकडाचे ओंडकेच वाटतात.

मगर आपल्याला नवी नाही. सांगली-मिरजेच्या लोकांनी कृष्णेत पाहिलेली आहे, दांडेलीला काळी नदीत 'मोसळे' दाखवायला मुलांना नेतातच. पण पंचवीस-तीस लाख वस्तीच्या शहराच्या पोटातून वाहणाऱ्या नदीत चारशेच्या वर मगरी, हे दृश्य जगात विरळा. २०२५ च्या फेब्रुवारीत झालेल्या गणनेत एवढ्या मगरी मोजल्या गेल्या. गुजरातमध्ये मगर हे खोडियार मातेचे वाहन. त्यामुळे लोकांच्या मनात भीतीबरोबर आदरही आहे. वडोदऱ्याचे सरीसृपतज्ज्ञ डॉ. राजू व्यास यांनी या मगरींचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. मगर इथे टिकली याचे कारण नदीचे काठ. तिला ऊन खायला उतार लागतो, राहायला काठात बीळ लागते आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला अंडी घालायला मऊ मातीचा उंच भाग लागतो. काँक्रीटच्या भिंतीत यातले काहीच होत नाही.

कोतर म्हणजे पडीक जागा नव्हे

विश्वामित्रीच्या दोन्ही बाजूंना मातीत खोल कोरलेल्या घळी आहेत. गुजरातीत त्यांना 'कोतर' म्हणतात. आपण मराठीत घळ म्हणतो, कन्नडमध्ये 'कोरकलु'. शहरात पाणी वाहून नेणारे जुने नैसर्गिक ओढेही आहेत, त्यांना तिथे 'कांस' म्हणतात. भूखी कांस, रूपारेल कांस ही नावे बडोदेकरांच्या रोजच्या बोलण्यातली. आपल्या भाषेत सांगायचे तर नाला किंवा 'हळ्ळ'.

या कोतरांचे आणि कांसांचे काम काय, ते पावसाळ्यात कळते. नदीला पूर आला की पाणी आधी कोतरांत शिरते, काठच्या तळ्यांत पसरते, तिथे थोडा वेळ थांबते आणि मग सावकाश उतरते. ही जागा भराव टाकून सपाट केली, तिथे इमारती आल्या, कांस अरुंद झाला, की थांबायला जागा नसलेले पाणी लोकांच्या घरात जाते. ३१ जुलै २०१९ रोजी वडोदऱ्यात एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस कोसळला. २०२४ च्या ऑगस्टअखेर तर विश्वामित्रीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांचीही मर्यादा मागे टाकली. कित्येक वसाहतींत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होते. त्या तीन दिवसांत वनखात्याने आणि प्राणिमित्रांनी लोकवस्तीतून दोन डझन मगरी पकडून सोडवल्या. बातम्या मगरींच्या झाल्या, पण खरा प्रश्न पाण्याचा होता. मगर घरात आली कारण नदी घरात आली होती.

नदीकाठाचा विकास करण्याची योजना आली तेव्हा शहरातल्या जागरूक नागरिकांनी हाच मुद्दा लावून धरला आणि तो राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेला. लवादाने २०२१ मध्ये नदी, तिची कोतरे, पाणथळी आणि मगरींचा अधिवास जपण्याच्या बाजूने आदेश दिला. २०२४ च्या पुरानंतर नदीतला गाळ काढण्याचे मोठे काम २०२५ मध्ये झाले. पाणी जायला वाट हवी हे खरे, पण ती करताना काठ किती ठेवायचे हा वाद तिथे अजून मिटलेला नाही.

बेळगावकरांना हे सगळे ओळखीचे वाटेल. बळ्ळारी नाल्याचे पाणी शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात शिरून भातपीक कुजते, तेव्हा आपणही हेच अनुभवतो. नाला तोच असतो, पाऊसही बहुधा तोच, पाणी पसरायची जागा मात्र कमी झालेली असते.

वढवाण्याचे तळे

वडोदऱ्याहून डभोईला जावे. हे गावच इतिहासात नोंदवण्यासारखे. गायकवाडांच्या संस्थानाने १८६२ मध्ये डभोई-मियागाम अशी अरुंद रुळांची गाडी सुरू केली आणि सुरुवातीला ती चक्क बैल ओढत असत! डभोईच्या पुढे वढवाणा गावाजवळ मोठे तळे आहे. ते नैसर्गिक नाही. बडोदे संस्थानाने १९१० च्या सुमारास शेतीला पाणी देण्यासाठी ते बांधले. ओरसंग नदीवर जोजवा येथे बंधारा घालून तिथून कालव्याने पाणी इकडे आणले. आजही आसपासच्या वीस-पंचवीस गावांतली गहू-भाताची शेती या पाण्यावर होते.

शेतीसाठी बांधलेल्या या तळ्याला पक्ष्यांनी मात्र आपले करून टाकले. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत इथे थंड देशांतून पाहुणे येतात. कलहंस, चक्रवाक, तलवार बदक, थापट्या आणि काळ्या अंगाचे, कपाळावर पांढरा टिळा लावलेले वारकरी पक्षी तर शेकड्यांनी. स्थलांतर करणाऱ्या ऐंशीहून अधिक पाणपक्ष्यांच्या जातींची इथे नोंद आहे. एप्रिल २०२१ मध्ये वढवाण्याला रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, स्थान मिळाले.

महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातील अभ्यासकांनी या तळ्यावरच्या पक्ष्यांचा आणि पाण्याच्या पातळीचा संबंध तपासला आहे. त्यातली गोष्ट घरच्या गृहिणीलाही पटण्यासारखी आहे. ताटात सगळेच पदार्थ एका जागी वाढत नाहीत, तसे तळ्यातही असते. चिखलात चोच खुपसणाऱ्या पक्ष्याला काठचे उथळ पाणी लागते, डुबकी मारणाऱ्या बदकाला खोल पाणी लागते, हंसांना जवळच्या शेतातले आणि काठावरचे गवत लागते. तळे वर्षभर काठोकाठ भरून ठेवले तर उथळ काठच नाहीसा होतो. पाणी जास्त म्हणजे पक्षी जास्त, असा सरळ हिशेब इथे नाही.

याच प्रश्नांवर काम करणारी गुजरात इकॉलॉजी सोसायटी ही संस्था वडोदऱ्यातलीच. या संस्थेशी दीर्घकाळ निगडित असलेल्या डॉ. दीपा गवळी यांचा पाणथळ जागांचा अभ्यास जाणकारांना परिचित आहे. पाणथळ, गवताळ रान आणि माती हे तीन वेगळे विषय नाहीत, हे अशा अभ्यासातून ठळकपणे पुढे येते. चढावरचे गवत गेले की माती सुटते, सुटलेली माती तळ्यात बसते, तळे उथळ झाले की पाणी कमी साठते. साखळी एकच आहे.

वासदची शाळा

ही साखळी कुठे तुटते ते पाहायचे तर वडोदऱ्याहून आणंदकडे जाणाऱ्या रेल्वेत बसावे. मही नदीचा पूल ओलांडताना दोन्ही बाजूंना बघा. सपाट सुपीक शेत चालू असते आणि एकदम जमीन फाटल्यासारखी खोल कोतरे सुरू होतात. गुजरातमध्ये अशी कोतरांची जमीन सुमारे चार लाख हेक्टर आहे. पूल संपला की वासद येते. इथे १९५५ पासून मृद व जलसंधारण संशोधन केंद्र आहे.

कोतर वाढते कसे? महीकाठची माती खोल आणि भुसभुशीत. शेतातले पावसाचे पाणी वाहत कडेला येते आणि खाली कोसळते. कोसळताना कडा पोखरते, कडा ढासळते आणि कोतर शेतात आणखी आत सरकते. दरवर्षी थोडे थोडे. इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात, जायला एक वळीव पुरतो.

वासदच्या शास्त्रज्ञांनी सुचवलेला उपाय वरून सुरू होतो. आधी शेताच्या कडेला बांध घालून पाणी वरच थोपवायचे आणि जादा पाणी सुरक्षित वाटेने खाली उतरवायचे. मग कोतरात गुरे चारणे बंद ठेवायचे. उथळ कोतरे पायऱ्या पाडून शेतीखाली आणता येतात. खोल कोतरांच्या तळाशी बांबू लावायचा, उतारावर मारवेलसारखे गवत धरायचे. बांबूची मुळे माती जखडतात आणि शेतकऱ्याला विकायला बांबूही मिळतो. धावत्या पाण्याला चालायला लावा, चालत्याला थांबायला आणि थांबलेल्याला मुरायला, असे आपल्याकडे पाणलोटाच्या कामात सांगतात, तेच हे.

वासदचे भावंड आपल्या कर्नाटकात आहे. काळ्या जमिनीसाठी बळ्ळारीला १९५४ मध्ये असेच केंद्र सुरू झाले. त्याआधी १९३० च्या दशकात सोलापूर आणि विजापूरला कोरडवाहू शेतीची संशोधन केंद्रे निघाली होती. विजापूरकडचे शेतकरी पेरणीआधी शेतात चौकोनी वाफे पाडून पाणी अडवतात. त्याला ते 'चौकु मडी' म्हणतात. कडेचा बांध काय आणि चौकु मडी काय, विचार एकच.

इथे एक गोष्ट मुलांना जरूर समजावून सांगावी. शेतात सरकणारे कोतर थोपवायचे असते, पण नदीच्या पुराचे पाणी पोटात घेणारे जुने कोतर बुजवायचे नसते. दोन्ही दिसायला सारखी. कुठे बांध घालायचा आणि कुठे हात लावायचा नाही, हे ओळखायला शास्त्र लागते.

गवताचे रान

गुजरातेत गवतासाठी राखलेल्या रानाला 'वीडी' म्हणतात आणि गुरांच्या चराऊ जमिनीला 'गौचर'. आपले गायरान किंवा 'गोमाळ'. कागदावर अशी जमीन बहुधा 'पडीक' असते आणि पडीक म्हटले की कोणाला कारखाना सुचतो, कोणाला वृक्षारोपण. झाडे लावणे पुण्याचे काम, पण माळावर नव्हे. राणेबेन्नूरच्या काळवीट अभयारण्यात माळावर निलगिरी लावली गेली आणि एके काळी तिथे दिसणारा माळढोक आता दिसत नाही. गवताची दाट मुळे माती धरून ठेवतात, पाणी मुरवतात आणि गुरांचे पोट भरतात. एवढे काम करणारी जमीन पडीक कशी?

जाणाऱ्यांसाठी

बेळगावहून पुणेमार्गे वडोदऱ्याला थेट गाड्या आहेत, म्हैसूर-अजमेर त्यातली एक. डिसेंबर-जानेवारी उत्तम. वढवाण्याला पहाटे निघून सूर्योदयाला पोहोचावे, दुर्बीण न्यावी, मुलांना भडक कपडे घालू नयेत. विश्वामित्रीत मगरी पुलावरूनच पाहाव्यात, काठावर उतरू नये आणि त्यांना काही खायला टाकू नये.

बडोद्यापर्यंत जाणे होत नसेल तर हिवाळ्यात गदग जिल्ह्यातले मागडी केरे पाहावे. तेही २०२४ मध्ये रामसर यादीत आले आहे आणि हिमालयापलीकडून येणारे राजहंस तिथे थंडीत मुक्कामाला असतात. आणि तेही नाही जमले, तर येत्या पावसाळ्यात आपल्याच गावातला नाला, केरे आणि गायरान मुलांना घेऊन एकदा चालून यावे. पाणी कुठून येते, कुठे थांबते आणि कुठे अडते, हे आजोबांना नक्की ठाऊक असते. नातवंडांना ते दाखवून ठेवणे आपल्या हातात आहे.