अक्का, तिकीट काढण्याआधी एवढं वाच

म्हैसूर



एसटीने फुकट हिंडायची सवय लागली आहे तुला, म्हणून आधीच लिहिते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून तिकडे एसटी मोफत आहे खरी, पण ती महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत. बेळगावची गाडी धरलीस तर हद्दीपुढचं भाडं पडेल. आणि इथे तुझं मिरजेच्या पत्त्याचं आधार चालायचं नाही. मोफत बसची 'शक्ती' योजना कर्नाटकात राहणाऱ्या बायकांची. ११ जून २०२३ पासून मी चामुंडीला जाते ती शून्य रुपयांच्या तिकिटावर. तू माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, पण शेजारी बसून पैसे तुझेच पडणार. काय म्हणावं याला!

ते शून्याचं तिकीट बघण्यासारखं आहे. कंडक्टर "आधार तोरिसी अम्मा" म्हणतो, कार्ड बघतो आणि मशीनमधून चिठ्ठी काढून हातात ठेवतो. पैसेच नाहीत तर तिकीट कशाला, असं म्हणून चालत नाही. त्या तिकिटांच्या हिशेबावरच सरकार महामंडळाला भाडं भरून देतं. म्हणजे आम्हाला फुकट, गाडीला नाही.

हे मात्र रोज कुरकुरतात. नियमाने निम्म्या जागा पुरुषांच्या, पण आषाढातल्या शुक्रवारी चामुंडीच्या गाडीत तो नियम कोण कोणाला सांगणार? यांच्या तोंडी 'फुकटेपणा' आला की मी रेल्वेची आठवण देते. साठी झाल्यापासून चाळीस टक्के सूट घेऊन हेच काशीपर्यंत जाऊन आले, तेव्हा तो ज्येष्ठांचा मान होता! देवराज मार्केटात मला मल्लिगेची फुलं देणारी बाई नंजनगूडकडून रोज येते. दोन्ही वेळचं भाडं वाचतं तिचं. मला पेन्शन आहे, माझ्याकडून पैसे घेतले तरी माझी तक्रार नाही. पण त्यासाठी कंडक्टरने एकेकीची गरिबी तपासत बसावं का? उत्पन्नाचा दाखला मागितला तर मी कुठून तरी मिळवीन, ती बाई उतरून चालू लागेल. त्यापेक्षा माझ्यासारख्या चारजणी फुकट गेलेल्या परवडल्या.

रेल्वेची आपली सवलत, बायकांना अठ्ठावन्नपासून निम्मं भाडं, मार्च २०२० मध्ये बंद झाली ती झालीच. तरी तू शरावतीनेच ये, मिरजेहून थेट म्हैसूर. खालचा बर्थ अजून वयस्कांना आधी देतात. फॉर्मवर वय मात्र खरं घाल, ओळखपत्र बघतात.

बेंगळुरूला जायचं ठरलंच तर ऐरावतने जाऊ. एसी गाडीत 'शक्ती' चालत नाही, तिथे माझेही पैसे पडतात.

तुझी,
धाकटी