पातळ्यांमधली अंतरं

युरेनियम-238 वर मंद न्यूट्रॉन सोडले, की ते काही ठरावीक ऊर्जांनाच जोरात शोषले जातात. अशी प्रत्येक ऊर्जा न्यूट्रॉन शोषून बनणाऱ्या केंद्रकाची एक पातळी दाखवते. त्यातल्या पहिल्या ठळक ऊर्जा अशा: 6.67, 20.9, 36.7, 66.0, 80.7, 102.6 इलेक्ट्रॉन व्होल्ट. या आकड्यांत नियम शोधून हाती काही लागत नाही. पण शेजारच्या आकड्यांमधली अंतरं पाहा: 14, 16, 29, 15, 22. अगदी लहान असं एकही नाही. पातळ्या एकमेकींची दखल न घेता विखुरल्या असत्या, तर हजारातली सुमारे 95 अंतरं सरासरीच्या दशांशाहूनही लहान निघाली असती. यूजीन विग्नर यांच्या 1950च्या दशकातल्या सूत्रानुसार ती जेमतेम आठ निघतात. त्या सूत्रासाठी दोन ओळी, दोन स्तंभांचं सममित मॅट्रिक्स घेऊन त्यात यादृच्छिक आकडे भरले तरी पुरतं. या मॅट्रिक्सची आयगेनमूल्यं म्हणजे पातळ्या. दोन पातळ्या जवळ यायच्या, तर कर्णावरच्या घटकांमधला फरक आणि कर्णाबाहेरचा घटक, दोन्ही एकाच वेळी शून्याजवळ यावे लागतात. एक योगायोग सहज घडतो, दोन एकदम क्वचितच. मदनलाल मेहता आणि मिशेल गोदँ यांनी 1960च्या सुमारास मोठ्या मॅट्रिक्सचं गणित सोडवलं, तेव्हा अचूक उत्तरही या साध्या सूत्राच्या अगदी जवळ निघालं.

केंद्रकातली बलं फासे टाकून ठरत नाहीत, हा आक्षेप मला रास्त वाटतो, पण तो नेम चुकवतो. बलं यादृच्छिक आहेत असं आपण म्हणतच नाही. सममिती तेवढी राखायची आणि बाकीचा तपशील मुद्दाम सोडून द्यायचा. मग जे उरतं ते खऱ्या केंद्रकात दिसतं का, हे तपासायचं. हे विधान खोटं ठरू शकलं असतं. हक, पांडे आणि बोहिगास यांनी 1982 साली 27 केंद्रकांची मोजमापं एकत्र करून पाहिली, तेव्हा ते टिकलं.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. बलं मुख्यतः दोन-दोन कणांमध्ये चालतात, म्हणून खऱ्या मॅट्रिक्समध्ये पुष्कळ शून्यं असतात. शिवाय अशा पूर्ण यादृच्छिक मॅट्रिक्समधून निघणारा घनतेचा आकार, म्हणजे विग्नर यांचं अर्धवर्तुळ, केंद्रकाच्या पातळ्यांच्या घनतेशी मुळीच जुळत नाही. 1970च्या सुमारास फ्रेंच-वाँग आणि बोहिगास-फ्लोरेस यांनी द्विकण बलांचीच यादृच्छिक मॅट्रिक्स रचली. घनतेचा आकार घंटेसारखा झाला. शेजारच्या अंतरांचा नियम मात्र तसाच राहिला. म्हणून घनता मोजमापांतून घ्यायची, तिच्यानुसार सरासरी अंतर सगळीकडे एक होईल अशी यादी ताणून घ्यायची, आणि मगच तुलना करायची. या कामातलं खरं कसब इथे लागतं, कारण यादीतली प्रत्येक खोट अंतरांत उमटते. एखादी दुबळी पातळी निसटली, तर दोन अंतरांचं एक मोठं अंतर होतं. युरेनियम-238चं स्पिन शून्य असल्यामुळे त्याच्या ठळक पातळ्या एकाच जातीच्या असतात. युरेनियम-235चं स्पिन 7/2 आहे, म्हणून तिथे स्पिन 3 आणि 4च्या दोन याद्या एकमेकींत मिसळतात आणि लहान अंतरं परत दिसू लागतात.