फक्कीची रेघ

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

काल झोपायला दीड वाजला. हरमनप्रीतने शेवटचा झेल घेतला आणि कॉलनीत दिवाळीतले उरलेले फटाके फुटले. दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून आपल्या मुलींनी क्रिकेटचा पहिला विश्वचषक जिंकला. आज सकाळी सहाला भाची दारात. ग्लोव्ह काखेत, तोंड फुगलेलं. "मावशी, वर्गातले सगळे मला विचारायलेत, तू क्रिकेट का नाही खेळत? सॉफ्टबॉल म्हणजे मऊ बॉलचा खेळ ना, म्हणून हसायलेत."

मी म्हटलं, त्यांना सांग, बायकांच्या क्रिकेटचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा. आपला १७८ ग्रॅमच्या खाली चालतच नाही. आणि घेर १२ इंच, तुझ्या मुठीत मावत नाही एवढा. नाव मऊ राहिलं ते जुन्या काळामुळे. १८८७ साली शिकागोत हा खेळ निघाला तेव्हा बॉक्सिंगचा ग्लोव्ह बांधून त्याचाच चेंडू केला होता आणि काठीने मारला होता.

ती हसली नाही. सिडकोतल्या मोकळ्या मैदानात ४३ फूट मोजले, म्हणजे महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात पिचिंग प्लेट आणि होम प्लेटमध्ये असतं तेवढं अंतर. मी मिट घालून उकिडवी बसले. जन्मभर कॅचरच होते मी, पिचिंग मला कधी जमलं नाही. पण पिचर समोरून कशी दिसते ते माझ्याइतकं तिच्या आईलाही माहीत नसेल.

पिच ४०, स्ट्राइक, म्हणजे होम प्लेटवरून नीट गेलेल्या, ११. काही चेंडू माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर, काही समोरच मातीत, बरेचसे उजवीकडे भरकटलेले. शेवटच्या पिचनंतर तिने ग्लोव्ह जमिनीवर आपटला. धाकटा भाचा मोबाइलवर व्हिडिओ काढत होता, त्याच्यावरही ओरडली.

५ नोव्हेंबर, बुधवार

त्रिपुरी पौर्णिमा, गुरुनानक जयंतीची सुट्टी. ताईकडे गेले तर पोरगी खांदा चोळत बसलेली. काल संध्याकाळी भिंतीवर एकटीनेच १२० पिच टाकल्या म्हणे. रागाने.

"उएनोने ४१३ टाकल्या होत्या!"

खरं आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये जपानच्या युकिको उएनोने दोन दिवसांत तीन सामने मिळून ४१३ पिच टाकल्या आणि अमेरिकेला हरवून सुवर्ण घेतलं. तेरा वर्षांनी टोकियोतही पुन्हा अमेरिकेलाच हरवलं. पण बीजिंगमध्ये ती २६ वर्षांची होती. ही १५ ची आहे.

आमच्या वेळी सगळे सांगायचे, खालून टाकायचं असतं, त्याने काही दुखत नाही. ते खोटं निघालं. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे सॉफ्टबॉल पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आला तेव्हा, पिचर्सचं चित्रण करून मोजमाप झालं. खांद्याचा सांधा बाहेर ओढणारा जोर शरीराच्या वजनाच्या सुमारे ८० टक्के भरला. मी तिला हिशेब करायला लावला. वजन ४५ किलो.

"छत्तीस किलो," ती म्हणाली.

"त्यांच्यासारखी टाकलीस तर प्रत्येक पिचला छत्तीस. भिंतीवर १२० वेळा."

गप्प झाली. तीन दिवस चेंडूला हात लावायचा नाही असं ठरलं. दुखणं त्यात गेलं नाही तर डॉक्टर. दाजी वाळूजहून पहिली पाळी करून आले, चहा घेताना विचारू लागले, "दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, नोकरीत पाच टक्के जागा असतात, ते ठीक. पण हिला आनंद कुठं मिळायलाय यात?" प्रश्न चांगला होता. उत्तर माझ्याकडे नव्हतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

संध्याकाळी दोघी सोमवारचा व्हिडिओ बघायला बसलो. पहिल्याच मिनिटाला ती म्हणाली, "मावशी, आवाज बंद करू का? तू खूप बोलायलीस."

बंद करू दिला नाही. वही घेतली आणि माझ्याच सूचना मोजल्या. चाळीस पिचना सदुसष्ट. मनगट मोड. पुढे वाकू नको. हात सरळ. पुढे ये. पाय ओढ. खांदे मागे. जोर लाव. सैल सोड. "पुढे ये" आणि "खांदे मागे" एकाच पिचला. "जोर लाव" आणि "सैल सोड" मध्ये अर्धा मिनिटसुद्धा नाही. वीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना खेळ शिकवते आहे मी, आणि ही माझी बोलायची तऱ्हा.

चेंडू ताशी १०० किलोमीटरने गेला तर ४३ फूट अर्ध्या सेकंदाच्या आतच संपतात. त्याआधी हाताचं पूर्ण चक्र होतं, तेही तेवढ्याच वेळात. त्यात सदुसष्ट तर सोडाच, दोन सूचनासुद्धा मावत नाहीत.

मग तोच व्हिडिओ हळू गतीने, आवाजाशिवाय पाहिला. आता दिसलं. तिचा डावा पाय सरळ पुढे न पडता उजवीकडे वीतभर आत पडतो. त्यामुळे कंबर हाताच्या वाटेत येते. खाली येणाऱ्या हाताला कंबरेला वळसा घालून जावं लागतं. एखादे वेळी चेंडू मांडीला घासतो, एखादे वेळी लवकर सुटून मातीत जातो, एखादे वेळी उशिरा सुटून भिंतीवर. मी सोमवारभर हात, हात ओरडत होते. चूक हातात दिसत होती, पण ती सुरू पायापासून होत होती.

वहीत तीन रकाने आखले: पिच, स्ट्राइक, माझे शब्द.

८ नोव्हेंबर, शनिवार

ताईकडे पाण्याचा दिवस. आठ दिवसांनी नळ आला की या शहरात लग्न, परीक्षा आणि सॉफ्टबॉल सगळं मागे पडतं. टाकी, ड्रम, पिंप, शेवटी चहाची पातेलीसुद्धा भरली.

भरता भरता कडीचा दुधाचा डबा हातात आला. अर्धा भरला, झाकण काढलं, भाचीला म्हटलं, गोल फिरव, थेंब सांडायचा नाही. ताई आतून ओरडली, "आठ दिवसांचं पाणी आहे ते!"

पहिल्यांदा तिने हात ताठ धरून भीत भीत फिरवला, वर पोचल्यावर थबकली आणि डोक्यावर अंघोळ झाली. दुसऱ्यांदा हात सोडला. डबा स्वतःच्या वजनाने खाली आला, आला तसाच वर गेला, आणि थेंब सांडला नाही. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. धाकट्याने रांग लावली.

"मी हात ढकलतच नाहीये," ती म्हणाली. "डबाच ओढायलाय."

विंडमिल म्हणतात तो हाच. वर थांबलं की पाणी सांडतं आणि चेंडूचा वेगही तिथेच मरतो. हे मी तिला वर्षभर शब्दांनी सांगत होते. खांदा दुखत नाही म्हणाली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

शाळेतून मूठभर फक्की आणली. पिचिंगच्या जागेपासून होम प्लेटपर्यंत सरळ रेघ मारली. नियम एक: पाय रेघेवर किंवा किंचित डावीकडे पडला पाहिजे. चेंडू कुठे जातो ते आज बघायचं नाही. मी फक्त "रेघ" म्हणणार, आणि तेही तिने विचारलं तरच. पाऊल उठलेलं तीही बघू शकते, फक्की खोटं बोलत नाही.

पिच ४०, स्ट्राइक ८, माझे शब्द १४.

म्हणजे स्ट्राइक कमी झाल्या. वेगही उतरला. ती म्हणाली, "पहिलंच बरं होतं की." मला आतून धस्स झालं, पण बोलले नाही. वर्षभर वाकड्या पावलाला सावरून घ्यायला तिचा हात शिकला होता. पाऊल सरळ झालं तर हाताची ती जुनी युक्ती उपयोगाची नाही. काही दिवस दोन्ही बिघडणारच. मात्र पावलं मोजली तर ४० पैकी २६ रेघेवर. वहीत तीही लिहिली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज एक कबुली द्यावी लागली. १९९० च्या दशकात आम्हाला शिकवलेलं: चेंडू सोडला की कोपर वाकवून हात खांद्यापर्यंत आणायचा, कोपर कॅचरला दिसलं पाहिजे. तेच मी गेल्या वर्षी हिला शिकवलं, घोटून घेतलं. आता चांगल्या पिचर्सचे हळू गतीतले व्हिडिओ बघितले की दिसतं, चेंडू सुटतो तो कंबरेपाशी, कोपरापुढचा हात अंगाला हलकाच घासून जातो, त्याच क्षणी तो आतल्या बाजूला वळतो आणि बोटं शेवटी सुटतात. नंतर हात कुठे जातो तो सैलपणाचा भाग. मुद्दाम खांद्याला न्यायचा म्हटलं तर माणूस चेंडू सुटायच्या आधीच वर ओढायला लागतो. तिचे डोक्यावरून जाणारे चेंडू त्यातले होते.

"म्हणजे तू मला चुकीचं शिकवलंस?"

"हो."

तिला राग येईल असं वाटलं होतं. ती मोकळी झाली. म्हणाली, "बरं झालं. मला वाटायचं माझ्यातच खोट आहे."

घरात दोरीवर चादर टांगली, जुन्या मोज्यांचा घट्ट गोळा केला. आठ फुटांवरून, पाय न हलवता, फक्त कंबरेपासून पुढचं. कोपराची खालची बाजू बरगडीला लागली की "टप्प" असा आवाज येतो. तो आला तर बरोबर. पन्नास वेळा. खांद्यावर ओझं नाही, चेंडू हरवत नाही, शेजारीही तक्रार करत नाहीत.

१९ नोव्हेंबर, बुधवार

वाईट दिवस. पहिल्या पंधरात तीन स्ट्राइक. सोळावी तिने मुद्दाम भिंतीपलीकडे भिरकावली. मी मिट काढलं आणि दोघी चेंडू शोधायला रिकाम्या प्लॉटवरच्या गाजरगवतात शिरलो. पिवळा चेंडू असून सापडेना.

शोधता शोधता विचारलं, "एवढा राग कशाचा येतो गं?"

बराच वेळ उत्तर नाही. मग म्हणाली, "हरल्याचा नाही येत. वाईट पिच पडते ना, ती का पडली तेच कळत नसायचं. तू पाच गोष्टी सांगायचीस. मग मला वाटायचं, पाचही चुकतात माझ्या."

"आणि आजची?"

"आजच्या कळल्या." बोटं मोजली तिने. "पहिल्या सहा पाय उजवीकडे. मग पाय नीट, पण मी घाबरून वर थबकले. डब्यासारखं. शेवटची मुद्दामच."

मी गाजरगवतात उभी राहिले. मी मिटमागून पाहिलं होतं त्यापेक्षा तिचं निदान नेमकं होतं. दाजींच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं असं वाटतं. आपली चूक आपल्याला ओळखता आली की पोराच्या अंगातलं ओझं निम्मं उतरतं. बाकीचं निम्मं सरावाने उतरतं, पण आधीचं निम्मं आम्ही मोठी माणसंच चढवतो.

चेंडू सापडला. परत जाऊन दहा टाकल्या, सहा स्ट्राइक. तिथेच थांबवलं. चांगल्यावर संपवायचं, एवढं मला पूर्वीपासून येतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात सरावाचा सामना, मोठ्या मुलींशी. थंडी पडली आहे, बोटं आखडतात. हिने तीन इनिंग टाकल्या. पहिल्या इनिंगमध्ये दोन वॉक (चुकीच्या पिचमुळे फुकट दिलेले बेस), एक जोरदार फटका, तीन धावा गेल्या. मी कुंपणाबाहेर होते. ओठ दाताखाली धरले. तिने डावा पाय मातीवर घासला, बुटाच्या टोकाने प्लेटपासून पुढे छोटी रेघ ओढली, तिच्याकडे पाहिलं आणि पुढची पिच टाकली. रेघ फक्कीची नव्हती, पण सरळ होती.

दुसऱ्या आणि तिसऱ्या इनिंगमध्ये एकच धाव. सामना हरलो. येताना सूतगिरणी चौकात तिने दोन प्लेट भजी मागवली आणि सांगून टाकलं की २०२८ ला लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकमध्ये सॉफ्टबॉल परत आहे, सामने ओक्लाहोमा सिटीत होणार, आणि तोपर्यंत ती १८ ची असेल. मी हो नाही म्हटलं, नाहीही नाही. भजी गरम होती.

रात्री वही लिहिली. आजचे आकडे असे: पिच ५२, स्ट्राइक ३१, वॉक ३. माझे शब्द शून्य.